ओहॅलोरनसाहेबांचा रिपोर्ट

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरलं की लोक मजल्याचं बटण दाबतात आणि मोबाईलमध्ये डोकं घालतात. सातव्या मजल्यावरचे ओहॅलोरनसाहेब बटण दाबतात आणि समोरच्या माणसाला विचारतात, "आपका नाम किधर से चला?"

नाव काय, असं नाही विचारत. नाव कुठून निघालं, असं विचारतात. जसं काही नाव म्हणजे बस आहे, सकाळी डेपोतून सुटली, वाटेत चार ठिकाणी थांबली आणि आता उम्म अल कुवैनला येऊन तुमच्यापाशी उभी राहिली.

मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी मासळीबाजारातून येत होते. हातातल्या पिशवीतून पाणी टपकतंय आणि समोर हा सहा फुटांचा गोरा माणूस, इथल्या उन्हानं उकडलेल्या कोळंबीसारखा लाल झालेला. मला वाटलं, सरकारी खात्यातला कोणीतरी आहे, व्हिसाची तपासणी चाललीय. मी घाबरून एमिरेट्स आयडी काढला. नाव सांगितलं, जुबेदा नाखवा. मयत नवऱ्याचं नाव सांगितलं, मुलगा इम्तियाज शारजाला इंजिनिअर आहे हे सांगितलं, दाभोळच्या खाडीकाठचं गाव सांगितलं. एवढं सगळं पाचव्या मजल्यापर्यंत. आमचा मजला आला, मी उतरले, तर हे महाशयही माझ्यामागून उतरले.

"नाखवा का मतलब?"

मी म्हटलं, गलबताचा कप्तान. आमच्या सासऱ्यांच्या आज्यापासून घरात तेच काम. त्यावर साहेब भिंतीला हात टेकून उभे राहिले. म्हणाले, इथले अरब लोक नोखदा म्हणतात, तेच ना हे? म्हणजे हे नाव चालत नाही आलं, शिडाच्या बोटीतून आलं. आणि एवढा आनंद त्यांना झाला की जसं काही त्यांच्याच घरी नातू जन्मला.

नातवाचं निघालंच आहे तर ते आधी सांगते. साहेब आयर्लंडचे. तिकडे आडनावाच्या आधी जो 'ओ' लावतात, त्याचा अर्थ अमक्याचा नातू, अमक्याच्या वंशातला. आता आमच्या तिसऱ्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहतं, दोघंही नोकरीवाले, आणि आडनाव नातू. ते कळलं त्या दिवशी साहेबांनी लिफ्टमध्येच मिस्टर नातूंना मिठी मारली. हम दोनों ग्रँडसन, म्हणाले. मिस्टर नातू अंग चोरून उभे राहणारे गृहस्थ. तेव्हापासून ते जिन्यानं ये-जा करतात. डॉक्टरांनी सांगितलंय म्हणतात.

या 'ओ'वर साहेबांचा फार जीव. बिलावर नाहीतर पाकिटावर कोणी नुसतं हॅलोरन लिहिलं की ते स्वतः तिथं जाऊन उभे राहतात. एका बँकेत गेले आणि काउंटरवरच्या मुलीला म्हणाले, माझा नातू तुमच्याकडे हरवलाय. त्या बिचारीला वाटलं खरंच पोर हरवलं, तिनं सिक्युरिटीला बोलावलं. पुढचा पाऊण तास साहेबांनी बँकेतल्या सगळ्यांना बसवून आयर्लंडचा इतिहास सांगितला. इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा 'ओ' लावणाऱ्याला ना जमीन, ना नोकरी. म्हणून पुष्कळांनी तो काढून टाकला. साहेबांच्या पणजोबांच्या कबरीवर नुसतंच हॅलोरन आहे. पुढं दिवस बदलले तसा त्यांच्या वडिलांनी तो परत लावला. "मेरे बाप ने वापस लाया, और तुम्हारा कॉम्प्युटर खलास कर दिया," असं ते त्या मुलीला म्हणाले. पण रागानं नाही. त्यांना राग येतच नाही. त्यांना वाईट वाटतं, आणि ते जास्त त्रासाचं असतं, कारण समोरच्याला भांडताही येत नाही.

साहेब चाळीसएक वर्षं या मुलखात जहाजांची इंजिनं दुरुस्त करत होते. हिंदी गोदीतच शिकले, आमच्या रत्नागिरीच्या आणि केरळच्या पोरांकडून. त्यामुळे त्यांच्या हिंदीत क्रियापदं कमी आणि यल्ला, खलास जास्त. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. एक भाऊ होता, तोही गेला. एवढं सगळं त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं, आणि मग ओहॅलोरन या नावाचं सांगायला बसले ते जेवणाची वेळ झाली तरी उठले नाहीत.

मला आता ते पाठ झालंय. ओहॅलोरन म्हणजे समुद्रापलीकडून आलेला, परका माणूस. कधी काळी कोणीतरी बाहेरून येऊन एका मोठ्या तळ्याच्या काठी राहिला असेल, त्याची पोरंबाळं तिथंच वाढली, शेती केली, मेली, तरी गावानं त्यांना परकेच म्हटलं. मग जास्त जोराची घराणी आली आणि यांना तळ्यापासून पश्चिमेला समुद्राकडे ढकललं. मग बटाट्यावर रोग पडला. लोक भुकेनं मेले, उरले ते बोटीत बसले. कोणी अमेरिकेला, कोणी ऑस्ट्रेलियाला. तिकडे या नावाची एक टेकडीसुद्धा आहे म्हणे. मी सालनात बटाटा घातला की साहेब त्याच्याकडे असे बघतात जसं आपण सुटून आलेल्या गुन्हेगाराकडे बघावं. मग खातात. सगळा खातात.

हा सगळा प्रवास साहेबांनी त्यांच्या हॉलच्या भिंतीवर काढलाय. पेन्सिलीनं, कारण भाड्याच्या घरात रंग लावायला मनाई. खाली दिवाणापाशी तो पहिला परका माणूस, आणि वर छतापर्यंत फांद्याच फांद्या. कपाटाच्या बाजूला ऑस्ट्रेलिया, दाराकडे इंग्लंड, एसीच्या खाली बॉस्टन. एकदा भर उन्हाळ्यात साहेब अनवाणी धावत आमच्या दारात आले. "आपा, बाल्टी दो, बॉस्टन डूब रहा है." जाऊन बघते तर एसी गळत होता आणि पाण्याची धार तीन पिढ्यांवरून खाली चाललेली. मी पदरानं भिंत टिपायला गेले तर ओरडले, पुसू नका, नुसतं थोपटा. मग आम्ही दोघं म्हातारी माणसं टॉवेलनं बॉस्टनला थोपटत बसलो, तान्ह्या पोराला थोपटावं तसं. दोन माणसं तरी गेलीच. ती त्यांनी नंतर आठवून परत लिहिली.

त्या भिंतीवर सगळ्या फांद्यांना पानं आहेत. एकीलाच नाही. ती साहेबांच्या आजोबांच्या भावाची, मायकलची. हा मायकल जहाजावर सुतार होता. मुंबईहून त्याची खुशाली आली, त्यानंतर काही नाही. बुडाला, मेला, कुठं उतरला, काही कळलं नाही. त्याच्या आईनं, म्हणजे साहेबांच्या पणजीनं, मरेपर्यंत दर रविवारी जेवणाच्या टेबलावर त्याचं ताट मांडलं. घरातले म्हणायचे, तो आता येत नाही. ती म्हणायची, पण तशी काही खबर आलेली नाही ना.

आता यात आम्ही कसे आलो ते सांगते. आमच्या हॉलमध्ये ह्यांचा फोटो आहे. ह्यांचे डोळे घारे. इम्तियाजचे तसेच, आणि इम्तियाजच्या मुलीचे, आमच्या आलियाचे तर मांजरीसारखे. साहेब पहिल्यांदा घरी चहाला आले आणि फोटोपुढे जाऊन उभे राहिले. चहा गार झाला. मग हळूच म्हणाले, मुंबईपासून तुमची खाडी किती लांब?

मला पुढचं समजलं. मी म्हटलं, साहेब, आमच्याकडं अर्ध्या कोकणाचे डोळे घारे. ह्यांचे आईकडून आले, तिच्या माहेरी सगळेच तसे, आणि जुनी माणसं म्हणायची की कोणी अरब खलाशी होता. साहेब म्हणाले, खलाशी होता ना? मग तो अरबच होता हे कोणी बघितलं?

मी गार झालेला चहा परत गरम करायला आत नेला.

त्यांनी कुठल्याशा लॅबमधून नळ्या मागवल्या. नळीत थुंकायचं, बंद करून पाठवायचं, मग ते रक्ताचं नातं आहे की नाही ते सांगतात. एक नळी त्यांची, एक इम्तियाजची. एकेका थुंकीचे साडेतीनशे दिरहम, म्हणजे आपले आठ हजार रुपये झाले. तिसरी नळी त्यांनी मिस्टर नातूंसाठी आणली होती, कारण नातूही घारेच. पण मिसेस नातूंनी दारातूनच सांगितलं की आमचं गोत्र आम्हाला पाठ आहे, त्यासाठी नळीत थुंकायची गरज नाही. इम्तियाज आधी हसला, मग आलियानं हट्ट धरला म्हणून थुंकला. आलिया त्यांना मिस्टर ओ म्हणते. मला म्हणाली, "दादी, इमॅजिन, वी कुड बी आयरिश." मी म्हटलं, आधी नीट मराठी बोल, मग आयरिश हो.

रमजानच्या आधी नळ्या गेल्या. आणि रिपोर्टची वाट बघता बघता साहेब आमच्या घरात शुक्रवारचे झाले.

इम्तियाजला शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज पढून तो येतो आणि मग आम्ही सगळे खाली दस्तरखान अंथरून बसतो. रमजानात तेच संध्याकाळी, रोजा सोडायला. साहेब आधी पाहुणे म्हणून यायचे. हातात खजुराचा डबा, इस्त्रीचा शर्ट. आमच्यात पाहुण्याला आधी वाढतात आणि माशाचा मधला तुकडा त्याला देतात. डोकं आणि शेपटी घरच्यांची. साहेब मान खाली घालून मधला तुकडा खायचे आणि थँक्यू थँक्यू म्हणायचे.

ईदच्या दिवशी आले तेव्हा मात्र त्यांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, आपा, मला सगळ्यांच्या शेवटी वाढा. आणि शेपटी द्या. मी म्हटलं, ईदच्या दिवशी शेपटी? तर म्हणाले, रिपोर्ट येईपर्यंत तरी मला घरचा समजायला काय हरकत आहे?

मग मी खरंच तसं वागायला लागले. शेपटी वाढू लागले. पाणी भरायला सांगू लागले. एकदा ऐन वेळी दही संपलेलं, तर त्यांनाच खाली दुकानात पिटाळलं. सून मला म्हणाली, अम्मा, असं गोऱ्या माणसाला पाठवतात का. पण तुम्ही त्यांचा चेहरा बघायला हवा होता. दह्याचा डबा असा दोन्ही हातांत धरून आणला जसं बक्षीस मिळालंय.

आणि या माणसाची खरी किंमत मला कळली ती देराच्या धक्क्यावर. दुबईत देराला खाडीवर अजून लाकडी गलबतं लागतात. साहेबांचं तिथं जाणंयेणं. मायकलची चौकशी करायला म्हणून ते म्हाताऱ्या खलाशांना गाठत असतात. एका गुरुवारी मला म्हणाले, आपा, चला, तुम्हाला कोणाला तरी भेटवायचंय. मला आणि आलियाला गाडीत घातलं आणि नेलं. तिथं एका दुकानाच्या सावलीत आमच्याच बाजूचा एक तांडेल बसलेला, नव्वदीला टेकलेला, आता मुलाकडे राहतो. त्यानं माझ्या सासऱ्यांच्या गलबतावर काम केलेलं. माझे सासरे मी पाहिलेलेच नाहीत, माझ्या लग्नाआधी गेले. घरात त्यांचा फोटोही नाही.

तो तांडेल म्हणाला, "तुझा सासरा वादळात कधी ओरडला नाही. अगदी हळू बोलायचा. मग त्याचं ऐकू यावं म्हणून आम्हीच सगळे गप्प व्हायचो, आणि गप्प झालं की भीती कमी व्हायची."

मी आलियाकडे बघितलं. ती मोबाईल खाली ठेवून ऐकत होती. इम्तियाजही तसाच, चिडला की हळू बोलतो. आम्हाला वाटायचं, हे कुठून आलं.

परत येताना मी साहेबांना विचारलं, आणि मायकलचं काही कळलं का? ते गाडी चालवत होते. म्हणाले, नहीं आपा, वो नहीं मिला, ये मिल गया. आपल्या माणसाला शोधायला निघावं आणि दुसऱ्याचा सापडला तरी एवढं खूश व्हावं, हे मी दुसऱ्या कोणाचं बघितलेलं नाही.

दर शुक्रवारी दारात आले की आधीच सांगायचे, रिपोर्ट नहीं आया, लॅबवाला बहुत स्लो. उन्हाळा गेला. बकरी ईद होऊन किती दिवस झाले. आलियाची शाळा सुट्टी संपून पुन्हा सुरू झाली. हवा बरी झाली, लोक संध्याकाळी खाडीवर बसायला लागले. लॅबवाला स्लोच होता.

मग मागच्या महिन्यात आमचं वॉशिंग मशीन बिघडलं. त्याचं बिल शोधायला इम्तियाजनं त्याचा जुना ईमेल उघडला, जो तो कधी बघत नाही. आणि बिलाच्या आधी त्याला तो रिपोर्ट सापडला.

तो लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात आला. मी भाकऱ्या थापत होते. म्हणाला, अम्मा, काही नातं नाही. लांबचंसुद्धा नाही. मी म्हटलं, ते मी आधीच सांगितलं होतं. तर म्हणाला, तसं नाही अम्मा, हा रिपोर्ट आलाय ईदच्या दोन दिवस आधी. दोघांना एकाच वेळी पाठवलाय. त्यांनी तो त्याच दिवशी उघडलाय, इथं दिसतंय.

ईदच्या दोन दिवस आधी. मी भाकरी तव्यावर टाकली आणि ईदचा दिवस आठवला. शेपटी द्या म्हणाले होते.

इम्तियाज हळू बोलायला लागला, म्हणजे चिडला होता. म्हणाला, इतके महिने समोर बसून खोटं बोलले. आपण कधी त्यांना येऊ नका म्हटलंय का? नातं नसतं तरी आले असते तर चाललं असतं की. मी शुक्रवारी त्यांना सरळ विचारणार आहे. तो इंजिनिअर आहे, त्याला सगळं सरळ लागतं.

मी म्हटलं, विचार. पण आधी मला सांग, फसवून त्यांनी आपल्याकडून नेलं काय? माशाची शेपटी?

त्यानं लॅपटॉप मिटला. मी एवढंच म्हटलं की नातं नाही असं एकदा तोंडानं बोललं गेलं, की तो माणूस परत इस्त्रीचा शर्ट घालून खजूर घेऊन येईल, आणि मग हळूहळू यायचा बंद होईल. मी अशी माणसं बघितली आहेत. त्यांना बोलावलं तर संकोच वाटतो. त्यांना यायला काहीतरी कारण लागतं.

शुक्रवार आला. इम्तियाज नमाज पढून आला आणि सोफ्यावर ताठ बसून राहिला. लॅपटॉप बाजूलाच. साहेब आले, घरातलाच टी-शर्ट घातलेला, भिंतीवरचं बॉस्टन गिरवताना लागलेला पेन्सिलीचा डाग कोपरावर. आल्या आल्या आलियाबरोबर दस्तरखान अंथरायला लागले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी वाकून एकेक कोपरा सरळ करत होते. नेहमीचं वाक्य त्या दिवशी ते बोलले नाहीत. इम्तियाजचा चेहरा त्यांनी बघितला असावा.

इम्तियाजनं घसा साफ केला. मी स्वयंपाकघराच्या दारातूनच बोलले.

"साहेब, रिपोर्ट आया क्या?"

साहेबांचे हात थांबले. कान लाल झाले. माझ्याकडे बघितलं नाही, कापडाच्या कोपऱ्याकडेच बघत म्हणाले, "नहीं आपा. लॅब बहुत स्लो है. अभी टाइम लगेगा, इन्शाल्ला."

"लगने दो," मी म्हटलं. "जल्दी किसको है?"

आता त्यांनी वर बघितलं. मग माझ्याकडून इम्तियाजकडे. मी पदराला हात पुसत राहिले. माणूस चाळीस वर्षं इंजिनांचे आवाज ऐकून बिघाड ओळखत आलेला, त्याला काय कळायचं ते कळलं असेल.

मी आत गेले आणि सालनाचं झाकण उघडलं. कोथिंबीर राहिली होती. खरंच राहिली होती, मी मुद्दाम केलं नव्हतं. मी बाहेर येऊन म्हटलं, साहेब, कोथिंबीर नाही, खाली जाऊन घेऊन या.

ते उठले आणि दाराशी त्यांच्या बुटांपाशी बसले. लेसवाले मोठे बूट, घालायला त्यांना वेळ लागतो. तेवढ्यात इम्तियाज सोफ्यावरून उठला. त्यानं पायातल्या स्वतःच्या चपला काढल्या आणि पायानंच साहेबांकडे सरकवल्या.

"अंकल, ये पहन के जाओ. सालन ठंडा हो जाएगा."

साहेबांनी त्या घातल्या. टाचा मागून चार बोटं बाहेर. तसेच फटक फटक करत लिफ्टपर्यंत गेले आणि तिथून मागं वळून मला विचारलं, एक जुडी की दोन?

मी म्हटलं, दोन आणा. पुढच्या शुक्रवारीही लागेल.